खाणीजवळ प्राणी दिसतात, मग तक्रार कसली?

रानवाट:
खाणीच्या कडेला चरणाऱ्या हरणांचे फोटो टाकून 'बघा, काही बिघडलं नाही' म्हणणाऱ्यांचा आता वैताग आलाय. खाणीच्या हद्दीत शिकारी फिरकत नाही, खड्ड्यात बारमाही पाणी असतं. जनावर येणारच! त्या पाण्यात काय आहे हे त्याला कोण सांगणार? अमेरिकेत मोंटानातली बर्कली पिट ही तांब्याची खाण १९८२ मध्ये बंद पडली, पंप थांबले, खड्डा भरत गेला. गंधकयुक्त खडकाला हवा आणि पाणी लागून सगळं आम्लधर्मी झालं. नोव्हेंबर १९९५ मध्ये स्नो गूज जातीचे कलहंस तिथे उतरले आणि ३४२ मेलेले सापडले. उतरता क्षणी फोटो काढला असता तर पाणपक्ष्यांचं नंदनवनच दिसलं असतं.

खडकफोड्या:
बर्कली पिट निघणार हे ठाऊकच होतं. टोकाचं उदाहरण घेऊन सगळ्यांना झोडपायचं! कॅनडात अल्बर्टातल्या लस्कर आणि ग्रेग रिव्हर या कोळसा खाणी बघा. काम संपलेल्या उतारांवर चारा लावला, उभे कडे तसेच ठेवले. बिगहॉर्न या डोंगरातल्या रानमेंढ्यांना हेच लागतं: चरायला उतार, लांडगा आला की चढायला कडा. कळप इतके फोफावले की दुसरीकडे सोडायला तिथून मेंढ्या नेल्या. ग्रिझली अस्वलंही येतात. माणसाचा हात लागला की जागा मेली, असं तुम्ही धरूनच चालता.

रानवाट:
त्याच लस्करच्या खाली ओढा आहे. उपसून टाकलेल्या खडकातलं सेलेनियम, म्हणजे जास्त झालं की विषारी ठरणारं मूलद्रव्य, पाण्याबरोबर त्यात उतरतं. आधी शेवाळात, मग किड्यांत, मग माशांत आणि शेवटी मादीच्या अंड्यांत साठतं. मोठा मासा धडधाकट दिसतो, पिल्लं मात्र व्यंग घेऊन निघतात. तिथल्या रेनबो ट्राउट माशांमध्ये हे तपासून दाखवलेलं आहे. म्हणजे वर मेंढ्या मोजल्या तर अहवाल झकास, खाली ट्राउट मोजले तर भयंकर. ट्राउटच्या अंड्यांचे फोटो कोण टाकतो?

वटवाघूळप्रेमी:
मध्येच बोलतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबरा भागात घोस्ट बॅट ही वटवाघळं सोडून दिलेल्या जुन्या भूमिगत खाणींत राहतात, कारण आत ऊब आणि दमटपणा टिकतो. तिथे 'सगळं पूर्ववत करा' म्हणत तोंडं बुजवली तर त्यांनी जायचं कुठे? नव्या उघड्या खाणींनी त्यांच्या गुहा आणि या जुन्या खाणी दोन्ही धोक्यात आल्यात, हेही खरंच. कोणाच्या बाजूने मोजायचं ते तुम्हीच ठरवा.

खडकफोड्या:
सेलेनियम काढता येतं, शुद्धीकरणाचे प्रकल्प आहेत. खर्च येतो, येऊ दे. तांबं, लोखंड, वीज तर तुम्हालाही हवीय. हे सगळं मोबाईलवरूनच लिहिताय ना?

रानवाट:
मोबाईल आला, म्हणजे आता खर्चाचंच बोलू. तो किती वर्षं येणार? कोळसा संपतो, कंपनी गाशा गुंडाळते, ढिगारा झिरपत राहतो. बर्कली पिटवर पक्षी हुसकावायला बंदुकीचे बार काढत होते, तरी २०१६ मध्ये पुन्हा हजारो कलहंस मेले, खाण बंद होऊन ३४ वर्षं झाल्यावर. हा पुढचा सगळा खर्च परवाना देतानाच ठेव म्हणून भरून घ्या. मग मेंढ्यांच्या फोटोला पहिला लाइक माझा.

खडकफोड्या:
इतकी ठेव मागितली तर निम्म्या खाणी उघडणारच नाहीत.

रानवाट:
बरोबर.