प्राचीनं पहिली भाषा कोनती शिकावी? ('आपला वाडा' ग्रुप)

सीमाआत्या, यवतमाळ: प्राची अकरावीले हाय, दिवाळीच्या सुट्यात प्रोग्रामिंग शिकतो म्हणते. कोनत्या भाषेपासून सुरू करावं? ज्याले कळते त्यानंच सांगा. गुड मॉर्निंगचे फोटो नंतर टाका.

मोठेबाबा: सी. १९७२ पासून चालू हाय. आम्ही पॉलिटेक्निकले टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर शिकलो. पाया पक्का पाह्यजे. पायथन हे आत्ताचं खूळ.

निखिलदादा, पुणे: मोठेबाबा, पायथन १९९१ ची हाय. जावा त्याच्यानंतर आली, १९९५ ले 😄 पन मी म्हणतो जावास्क्रिप्ट. ब्राउझरातच चालते, वेगळं काही टाकाचं काम नाई.

मोठेबाबा: जावा अन् जावास्क्रिप्ट एकच ना?

निखिलदादा, पुणे: नाई. नावापुरतं सारखं.

चंदाकाकू: भाषा कोनतीबी घ्या, लॅपटॉप कोनता? निखिलनं देल्लेला लाइट गेली का बंद पडते.

(हे कोनी विचारलंच नव्हतं. बॅटरी गेली हाय त्याची, दादाले माहीत हाय 😑)

प्राची: म्हणूनच मी फोनवर पायड्रॉइड टाकलं. नेट नसलं तरी पायथन चालते. आईच्या वहीतला कापूस वेचाईचा हिशोब करून राह्यली. किलोमागं १० रुपये. १२ किलो टाकलं तं हे आलं:
१२१२१२१२१२१२१२१२१२१२

बंडूकाका: एवढे पैसे देले तं वावर इकाव लागन 😂😂

निखिलदादा, पुणे: इनपुटनं जे येते ते पायथनले अक्षरं वाटतात. त्याले दहानं गुणलं म्हणजे '१२' दहा वेळा लिहिलं. आधी इंट लाव, म्हणजे अक्षरांचा पूर्ण आकडा होते. जावास्क्रिप्टनं सरळ १२० देले असते.

प्राची: मंग १० मिळवले असते तं?

निखिलदादा, पुणे: ...१२१०. मिळवतानी तेबी अक्षरंच जोडते 🙈

मोठेबाबा: पाहा! सी मध्ये आधीच सांगा लागते, हा आकडा हाय म्हणून.

मोठेबाबांचं हे खरं हाय. पन फोनच्या कीबोर्डवर महिरपी कंस अन् अर्धविराम शोधता शोधता पोट्टीची सुटी सरन. पायथनमधी ओळ आत सरकवली का झालं.

प्राची: इंट लावलं, १२० आले. पन साडेबारा किलोले एरर.

निखिलदादा, पुणे: इंटच्या जागी फ्लोट लाव. इंटले पॉइंटवाला मजकूर चालत नाई.

प्राची: १२५.० आले!! मी पायथनच शिकतो.

चंदाकाकू: १२५ बरोबर हाय. पन त्या मावशीची २०० उचल होती, ते कुठं धरली?

प्राची: थांब... उणे ७५ येते.

चंदाकाकू: हो, वहीतबी तेच हाय. पन तिच्यासमोर फोन नको काढू. दिवाळी होऊ दे.