आरएसव्हीची लस इतकी वर्षे का रखडली?

ऐरोलीकर: पावसाळ्यात आमच्या तान्ह्याला आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूमुळे ब्राँकिओलायटिस (फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांची सूज) झाला होता. या विषाणूवर लस तयार व्हायला एवढा काळ का लागला, हे कोणी समजावून सांगेल का?

घोडबंदरवासी: विषाणूवरील एफ प्रथिन पेशीत शिरताना आकार बदलते, आणि सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी शरीरातील प्रथिने) त्याच्या मूळ आकारालाच चिकटतात; पण लशीसाठी हवा असलेला तो आकार टिकत नसे, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी डायसल्फाइड बंधाचा (गंधकाच्या दोन अणूंमधील जोडाचा) जणू टाका घालून आणि आतील पोकळ्या भरून तो गोठवला. (१९६०च्या दशकातील लशीने आजार उलट बळावला आणि दोन बालके दगावली, ही धास्तीही माझ्या मते तितकीच कारणीभूत होती.)

ऐरोलीकर: मग ही लस बाळालाच टोचतात का?

नेरूळची डॉक्टर: नाही. अमेरिकेत २०२३ पासून ती गर्भवतीला ३२ ते ३६ आठवड्यांदरम्यान देतात; प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात.