बारीक पास्त्याचं इटालियन सूप (पास्तीना): कोण कसं करतं?

कढीपत्ता:
सर्दी-तापाची साथ आहे, म्हणून आठवलं. इटलीत आजारी माणसाला आणि लहान पोरांना हे देतात, आपल्याकडच्या मऊ भातासारखं. दोघांसाठी: १ गाजर, १ कांदा, सेलरीचा १ दांडा, पार्मेजानच्या (कडक इटालियन चीज) सालीचा बोटभर तुकडा, १ लिटर पाणी. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर ४० मिनिटं. साल बाजूला काढा, भाज्या मिक्सरमधून काढून परत पातेल्यात. खळखळून उकळी आली की १०० ग्रॅम स्तेल्लिने (चांदण्यांचा पास्ता), ५-६ मिनिटं. गॅस बंद करून लोणी आणि किसलेलं चीज. मीठ शेवटी चाखून, सालीचा खारटपणा उतरलेला असतो.

लिंबूटिंबू:
चांदण्या टाकल्यावर पहिलं मिनिटभर हात थांबवू नका. बुडाशी बसतात आणि गोळा होतो, मग कितीही ढवळा, सुटत नाही.

पायपीट:
स्टॉक कुकरमध्ये चालेल, पास्ता नको. पिठाचा फेस वर चढून शिट्टीचं भोक बंद करतो. सालही कुकरमध्ये बुडाला चिकटून करपते, ती नंतर उघड्या पातेल्यात.

मधलीसुट्टी:
सालीला मेण असतं ना? आणि पार्मेजान शाकाहारी असतं का?

लिंबूटिंबू:
मेण नसतं, चीजच वाळून कडक झालेलं असतं. सुरीने वरवर खरवडून धुवा. शाकाहारी मात्र नाही. अस्सल पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेटच (दूध घट्ट करणारं विकर) वापरतात. हिरवा ठिपका बघून मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासूनच्या) रेनेटचं कडक चीज घ्या. साल नसेल तर २-३ वाळवलेले मश्रूम स्टॉकमध्ये टाका.

मधलीसुट्टी:
अरे देवा. सासूबाईंना सांगू नका कोणी.

न्यूजर्सीकर:
इकडे २०२३ च्या जानेवारीत रोनझोनी या पास्ता कंपनीने चांदण्या बंद केल्याचं जाहीर केलं तेव्हा लोकांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली होती. चांदण्या नाही मिळाल्या तर आचिनी दी पेपे (मिरीएवढे दाणे) घ्या. ओर्झो (तांदळाच्या आकाराचा पास्ता) चालतो, पण वेळ जास्त लागतो, ८-१० मिनिटं.

तिखटमीठ:
पाकिटावर डुरम (कडक जातीचा गहू) लिहिलंय का बघा. इटलीत सुका पास्ता डुरमचाच असावा असा १९६७ पासून कायदा आहे. मैद्याचा घेतलात तर एवढा बारीक आकार टिकतच नाही, खळ होते. आपला बन्सी रवा डुरम गव्हाचाच.

ऋणानुबंध:
बारीक शेवया चुरून टाकल्या तर?

तिखटमीठ:
चालतात की, इटलीतही बारीक शेवयांचे तुकडे घालतात. २-३ मिनिटांत काढा. भाजलेल्या नकोत, खिरीचा वास येतो.

कढीपत्ता:
अंडं घालणारे कोणी?

पायपीट:
दोघांना १ अंडं, २ चमचे चीजबरोबर फेटून. गॅस बंद, २ मिनिटं थांबा, मग डावभर गरम सूप अंड्यात थोडं थोडं घालून ढवळा आणि ते पातेल्यात. थेट उकळत्यात ओतलं की धागे होतात. रोमकडे ते मुद्दाम करतात, स्त्राच्चातेल्ला म्हणतात. पण त्यात पास्त्याची गरज नसते.

ऋणानुबंध:
उरलेलं डब्यात न्यायचंय. फ्रीजमधून काढलं की वडी होते!!

लिंबूटिंबू:
होणारच. चांदण्या गॅस बंद केल्यावरही पाणी पीत राहतात. उरवायचाच असेल तर नुसता स्टॉक उरवा, पास्ता आयत्या वेळी. वडी झालीच तर वाटीभर स्टॉक घालून मंद आचेवर मोकळी करा, नुसत्या पाण्याने पचपचीत लागते.

न्यूजर्सीकर:
थोडं अवांतर: घरात सोऱ्या असेल तर पासातेल्ली करा, इटलीच्या रोमान्या भागातलं. शिळ्या पावाचा कोरडा चुरा १०० ग्रॅम, चीज १००, अंडी २, जायफळ, लिंबाची किसलेली साल. मळून तासभर झाकून ठेवा, मग जाड चकतीने थेट उकळत्या स्टॉकमध्ये पाडा. वर तरंगली की झाली. विरघळायला लागली तर पीठ सैल आहे, चमचाभर चुरा वाढवा.

तिखटमीठ:
चकती गाठ्यांची की शेवेची?

न्यूजर्सीकर:
गाठ्यांची. बारीक शेवेच्या चकतीतून पडतच नाही, दांडा वाकतो.