सैन्य ‘माघार’ घेतं, की नुसतं परततं?

कानामात्रा: एका लेखाचं भाषांतर करतोय. १९७२ साली भारतीय सैन्य बांगलादेशातून परत आलं, त्याविषयी. मी लिहिलं, ‘१२ मार्चला ढाक्यात निरोपाचं संचलन झालं आणि सैन्यानं माघार घेतली.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘माघार’वर काट मारली. जिंकलेलं सैन्य माघार घेत नाही म्हणे! शब्द पानोपानी आहे. काय करू?

बोरूबहाद्दर: बाईंचं बरोबर आहे. माघार म्हणजे हार. ‘सैन्यवापसी’ लिहा.

जुनी वही: वापसी कशाला? ‘परतणे’ काय मेलंय? आणि उमेदवार अर्ज माघारी घेतो तेव्हा तो हरलेला असतो का? आम्ही ‘माघारी ये’ म्हणतो ते नुसतं परत ये अशा अर्थानं. माझ्या मते मूळ ‘मागे + घर’. घराकडे तोंड वळवलं की माघार.

दुर्बीण: मग ‘शेजार’ म्हणजे शेज + घर का?

जुनी वही: असेलही! हसू नका.

दुर्बीण: असो. कानामात्रा, तुमच्या लेखात खरी गंमत तारखांची आहे. इंदिराबाई आणि बांगलादेशचे मुजीब यांनी सैन्य परतण्यासाठी फेब्रुवारीत कोलकात्यात २५ मार्चची मुदत ठरवली होती. संचलन १२ लाच उरकलं. १७ ला इंदिराबाई ढाक्यात उतरल्या, १९ ला २५ वर्षांचा मैत्री करार. फौज तिथे असताना सह्या झाल्या असत्या, तर करार दबावाखाली झाला अशी बोंब उठली असती. अमेरिकेची मान्यताही ४ एप्रिलची, म्हणजे सैन्य निघाल्यावरची. ह्याला ‘वेळ साधणं’ म्हणतात. ‘माघार’ तर नाहीच, ‘काढता पाय’ही नाही.

कानामात्रा: मूळ लेखात बांगलादेशाबद्दल ‘व्याप्त देशातून’ (म्हणजे परक्या फौजेच्या ताब्यातल्या) असं आहे, ही आणखी एक भानगड.

बोरूबहाद्दर: व्याप्त?! मुक्त केलेला देश तो. खोडा आधी.

तळटीप: ‘पाकव्याप्त’ ऐकून ऐकून ‘व्याप्त’ला शिवीची कळा आलीय. एरवी तो साधा शब्द. १९५५ चा ऑस्ट्रिया घ्या, चार देशांच्या फौजा बसलेल्या, त्याला व्याप्त म्हणायला कोणाची हरकत? तिथेही वेळ पाहा. ऑस्ट्रियाला स्वातंत्र्य परत देणारा करार अमलात आल्यापासून ९० दिवसांत सगळ्यांनी निघायचं, ती मुदत २५ ऑक्टोबरला संपली. २६ ला संसदेनं तटस्थतेचा कायदा केला आणि त्यात शब्द घातला ‘स्वेच्छेनं’. वास्तविक तटस्थतेचं बोलणं एप्रिलमध्येच मॉस्कोत झालं होतं. पण डोक्यावर परकी फौज असताना स्वेच्छा लिहिली तर कोण मानणार?

बोरूबहाद्दर: आणि रशियन अफगाणिस्तानातून निघाले ते?

तळटीप: जिनिव्हात ठरल्याप्रमाणे १५ मे १९८८ ला सुरुवात, नऊ महिन्यांत शेवट. १५ फेब्रुवारी १९८९ ला त्यांचा सेनापती ग्रोमोव्ह सीमेवरचा पूल ओलांडून गेला. तारीख चोख पाळली.

बोरूबहाद्दर: तरी ती माघारच.

जुनी वही: कारण ते रशियन! आपले असते तर वापसी, नाही का?

कानामात्रा: मंडळी, ‘फौज हलवली’ चालेल का? मजकूर आज द्यायचाय.

बोरूबहाद्दर: ‘हलवली’ म्हणजे एका तळावरून दुसऱ्या तळावर. शिवाय ‘फौज’ अरबी.

दुर्बीण: आणि ‘बहाद्दर’ कुठला हो?