सोमवारी भावाची केमो, त्याआधी वीर्य गोठवायला वेळ आहे का?

सांगलीची ताई (गुरुवार):
भाऊ २६ वर्षांचा, लग्न व्हायचंय. हॉजकिन्स लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) निघालाय, सोमवारी पहिली केमो. नर्सबाई जाता जाता म्हणाल्या, पुढे मूलबाळ हवं असेल तर आधी सॅम्पल ठेवून घ्या. आई म्हणते, आधी पोरगं हाती लागू दे. तीन दिवसांत होतं का? आणि त्याच्याजवळ विषय काढू कसा?

२०१९ चा पेशंट:
ताई, होतं. उद्याच जा.

मी तेव्हा २४ चा. डॉक्टर काही बोललेच नव्हते. मामेभावाने विषय काढला, तोही स्टँडवर चहा पिताना, माझ्याकडे न बघता. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

लॅबमध्ये आधी एचआयव्ही, हेपॅटायटिससाठी रक्त घेतलं. मग नाव-नंबर चिकटवलेली डबी दिली. खोलीत खुर्ची, बेसिन, आतून कडी. अंगात ताप होता, बराच वेळ नुसता बसून राहिलो. बाहेर बाकावर बाबा, फाइल मांडीवर. मी आलो तर एवढंच म्हणाले, ‘पाणी देऊ?’

केमोनंतर तपासलं तर शुक्राणू शून्य. लग्न ठरतानाच बायकोला सगळं सांगितलं होतं. मग इक्सी केलं. त्यात एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात, म्हणून थोडं सॅम्पलही पुरतं. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं घेतली ती तिने, खरे हाल तिचेच. लॅबमध्ये तयार झालेले चार गर्भ पाचव्या दिवशी गोठवले. मुलगी आता पाच महिन्यांची आहे.

भावाशी आईसमोर बोलू नका.

लॅबवाली:
मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये शुक्राणू, स्त्रीबीजं, गर्भ सांभाळते. सॅम्पलआधी दोन-तीन दिवस वीर्यपात झालेला नसला तर बरं, पण त्यासाठी केमो पुढे ढकलू नका. एक सॅम्पल मिळालं तरी ठेवतो. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, शुक्राणू वर्षानुवर्षं टिकतात. गर्भाला मात्र २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या) कायद्याने १० वर्षांची मर्यादा आहे. संमतीपत्रात ‘माझ्या मागे या सॅम्पलचं काय करायचं’ हे भावाला स्वतः भरू द्या. दिल्लीत कॅन्सरने गेलेल्या अविवाहित मुलाच्या सॅम्पलसाठी आईवडिलांना हायकोर्टात जावं लागलं. निकाल २०२४ मध्ये लागला.

सांगलीची ताई (शुक्रवार):
आज पहिलं सॅम्पल दिलं, दुसरं रविवारी. काल स्कूटरवर मागे बसूनच बोलले, तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. तो म्हणाला, ‘मी कालच वाचलंय गं. पैशांचं कोणाला सांगू, कळत नव्हतं.’