केबल बदलण्याआधी मीटर लावून बघा

सॅटेलाइट टीव्हीचा रिसीव्हर सिरियल केबलने काँप्युटरला जोडताना ‘दोन्ही टोकांना नऊ पिनांचा कनेक्टर बसतो ना, मग कुठलीही सिरियल केबल चालेल’ असं कुणी म्हटलं, तर ते पटत नाही. बसणं वेगळं, बोलणं वेगळं. काँप्युटर पिन ३ वरून पाठवतो आणि २ वर ऐकतो. ड्रीमबॉक्स या ब्रँडसारखा रिसीव्हरही तसाच असतो, म्हणून सरळ केबल लावली की दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. तिथे २ आणि ३ उलटसुलट जोडलेली नल मोडेम केबल हवी. ५ मात्र ५ लाच, ती ग्राउंड. एका रिसीव्हरमधून दुसऱ्यात सॉफ्टवेअर उतरवायचं असेल आणि दोन्ही एकाच मॉडेलचे असतील, तर डोळे झाकून नल मोडेमच घ्या.

आपला रिसीव्हर ३ वरून पाठवणारा की २ वरून, हे दुकानदाराला विचारू नका, तो हातात येईल ती केबल देतो. केबल न जोडता रिसीव्हर चालू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब पिन ५ वर आणि लाल आधी २ वर, मग ३ वर टेकवा. जिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दिसेल ती पाठवणारी पिन. काँप्युटरला जोडायला, ३ वर दिसलं तर नल मोडेम, २ वर दिसलं तर सरळ. प्रोबने शेजारच्या पिना मात्र शॉर्ट करू नका!

लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर आरएस-२३२ चाच, म्हणजे या सिरियल पोर्टच्या मानकाचाच घ्या. स्वस्तातला टीटीएलवाला (कमी व्होल्टच्या सिग्नलचा) ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालतो, या पोर्टला थेट लावलात तर जळू शकतो.