बॉम्ब शिल्लक असतानाच शेवटच्या बॉसपाशी खेळ संपतो: सराव नेमका कशाचा करावा?

मुलुंडचा रात्रीचा खेळाडू

नमस्कार. कार्यालयातून लोकलने मुलुंडला घरी पोहोचून जेवणखाण आटोपेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, आणि त्यानंतरचा तास-दीड तास एवढाच माझा खेळण्याचा वेळ असतो. गेल्या गणपतीपासून मी तोहो या गोळ्या चुकवण्याच्या जपानी संगणक-खेळांच्या मालिकेतील ‘पर्फेक्ट चेरी ब्लॉसम’ हा २००३ सालचा खेळ नॉर्मल पातळीवर, एकही कंटिन्यू (लाइफ संपल्यावर तिथूनच पुढे खेळण्याची सवलत) न वापरता पूर्ण करण्याचा प्रयत्न करीत आहे. रेइमू हे पात्र घेतो, आणि तिची आपोआप शत्रूकडे वळणारी शस्त्रे निवडतो. पहिले पाच टप्पे आता बऱ्यापैकी अंगवळणी पडले असून सहाव्या टप्प्यात मी बहुधा दोन लाइफ हाताशी ठेवून पोहोचतो.

अडचण पुढे येते. शेवटच्या बॉसची, म्हणजे युयुकोची, सुरुवातीची एक-दोन स्पेल कार्डे (तिचे नाव दिलेले हल्ले) पार होतात, मग मधल्या कार्डांत एकामागून एक लाइफ जाते आणि शेवटचे कार्ड, ज्यात तिला इजा करता येत नाही व केवळ घड्याळ संपेपर्यंत तग धरायचा असतो, ते मी आजवर दोनदाच पाहिले आहे. खेळ संपतो तेव्हा बहुतेक वेळा एक किंवा दोन बॉम्ब (अडचणीत पडद्यावरील गोळ्या पुसणारे अस्त्र) तसेच पडून असतात, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. माझे वय चौतीस आहे. माझी प्रतिक्रियाच मंद आहे का, की सरावाची दिशा चुकते आहे? ज्यांनी हा किंवा अशा प्रकारचा दुसरा खेळ पूर्ण केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

शून्य कंटिन्यू

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याच एका वाक्यात आहे. रेइमूला प्रत्येक लाइफमागे तीन बॉम्ब मिळतात आणि नवी लाइफ सुरू झाली की हा साठा पुन्हा तीनवर येतो; म्हणजे दोन बॉम्ब शिल्लक असताना जेव्हा लाइफ जाते, तेव्हा त्या लाइफबरोबर ते दोन बॉम्बही वाया जातात. युयुकोपाशी आपण दोन लाइफ अशा गमावत असाल, तर चार अवघड जागा पार करण्याची सोय आपण न वापरताच टाकून देत आहात. तेवढ्यावर नॉर्मल पातळी पूर्ण होऊ शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॉम्ब का टाकला जात नाही, याचाही विचार करावा. अडकल्याचे लक्षात आल्यावर टाकू, असे आपण मनाशी धरतो, पण अडकल्याचे लक्षात येईपर्यंत गोळी लागलेली असते. गोळी लागल्यानंतरच्या अगदी निमिषभराच्या अवधीत बॉम्ब टाकला तर लाइफ वाचते हे खरे असले, तरी हा खेळ सेकंदाला साठ चौकटी (फ्रेम) या वेगाने चालतो आणि तो अवधी जेमतेम काही चौकटींचा असतो. त्याच्यावर विसंबून डाव आखणे योग्य नाही. मी एका कागदावर बॉसची सर्व कार्डे क्रमाने लिहिली, मागच्या वीस डावांत कोणत्या कार्डावर किती वेळा लाइफ गेली याच्या खुणा केल्या, आणि ज्या दोन कार्डांपुढे सर्वाधिक खुणा झाल्या, त्यांच्यावर कार्ड सुरू होऊन गर्दी दाटू लागताच, संकट येण्याची वाट न पाहता, बॉम्ब टाकायचा असे ठरवून टाकले. त्या कार्डाचा बोनस बुडतो. बुडू द्यावा, कारण आपल्याला खेळ पूर्ण करायचा आहे, गुणांचा विक्रम करायचा नाही.

या खेळापुरती आणखी एक गोष्ट सांगतो. पडद्यावर दिसणारा चेरीचा आकडा पन्नास हजारांवर पोहोचला की जे बॉर्डर, म्हणजे तात्पुरते संरक्षण, सुरू होते, त्या काळात गोळी लागली तरी लाइफ जात नाही, फक्त बॉर्डर मोडते आणि पडद्यावरील गोळ्या नाहीशा होतात. बॉर्डर चालू असताना आपण स्वतः बॉम्बचे बटण दाबले तरी हेच घडते आणि साठ्यातला बॉम्ब खर्च होत नाही. अनेकजण बॉर्डर चालू असताना निर्धास्त होऊन कुठेही घुसतात आणि ते संपते त्या क्षणी भलत्याच कोपऱ्यात सापडतात. त्याऐवजी बॉर्डर संपत आले असताना गर्दी असेल तर ते हाताने मोडावे आणि मोकळ्या पडद्यावर पुढची सुरुवात करावी.

खो-खोचा जुना गडी

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे, पण बॉम्बच्या आधी एक गोष्ट येते: समोरून येणारी गोळी कोणत्या जातीची आहे, हे ओळखणे. वयाची चिंता करू नये. मी आपल्यापेक्षा मोठा आहे आणि नजरेचा वेग कमी झाल्यानंतरच मी या खेळांत खऱ्या अर्थाने सुधारलो, कारण त्यानंतर मला गोळ्या वाचायला शिकावे लागले.

लहानपणी मी परळच्या मैदानावर खो-खो खेळत असे. त्या खेळात पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला माघारी वळता येत नाही, आणि चांगला पळणारा गडी त्याच्या या बंधनावरच जगतो. नेम धरून सोडलेल्या गोळीचे अगदी तसेच असते. ती सुटली त्या क्षणी आपण जिथे होतो, तिथे ती जाते. नंतर आपण कुठे गेलो याच्याशी तिला कर्तव्य नसते. म्हणून अशा गोळ्यांच्या सलग धारेपुढे घाबरून मोठी उडी घेऊ नये, तर शिफ्ट दाबून संथपणे, बोटाच्या हलक्या स्पर्शाने एकाच बाजूला सरकत राहावे, म्हणजे सगळी धार आपल्या मागे मागे पडत जाते. कडेची भिंत जवळ आली की शिफ्ट सोडून चपळाईने थोडे जास्त अंतर कापावे, धारेत फट पडते, आणि त्या फटीतून उलट दिशेला निघावे. खो-खोत आम्ही याला हूल देणे म्हणत असू. भिंतीला टेकेपर्यंत थांबलात तर हूल देण्यास जागाच उरत नाही. माझ्या पाहण्यात नवशिक्यांच्या निम्म्या लाइफ याच एका चुकीने जातात.

दुसऱ्या जातीच्या गोळ्या ठरलेल्या वाटेनेच जातात, आपण कुठेही असा. इथे प्रतिक्रियेचा काहीच संबंध नाही. फट कुठे पडते ते पाठ करावे आणि गोळ्या येण्याआधीच तिथे जाऊन थांबावे. तिसऱ्या जातीच्या, म्हणजे कशाही विखुरणाऱ्या गोळ्यांपुढे मात्र खरोखर नजर लागते, आणि आपले बॉम्ब मी प्रामुख्याने तिथेच खर्च करीन. पुष्कळदा एकाच कार्डात दोन जाती मिसळलेल्या असतात: ठरलेल्या गोळ्या आपल्याला एका पट्ट्यात कोंडतात आणि नेम धरलेल्या गोळ्या त्या पट्ट्यात आपल्याला हलायला लावतात. कोणती जात कोंडते आहे आणि कोणती हुसकावते आहे, एवढे समजले की कार्डाची निम्मी भीती जाते.

हे ओळखायचे कसे, तर स्वतःचा रीप्ले, म्हणजे खेळलेल्या डावाची साठवलेली नोंद, पाहून. कंटिन्यू वापरलेल्या डावाचा रीप्ले साठवता येत नाही, म्हणून लाइफ संपल्या की मोहात न पडता डाव तिथेच संपवावा, रीप्ले साठवावा आणि हात रिकामे ठेवून पाहावा. खेळताना आपली नजर रेइमूवर खिळलेली असते. पाहताना ती बॉसवर ठेवता येते आणि गोळ्या कुठून, कोणत्या क्रमाने निघतात ते दिसते. खेळतानाही नजर रेइमूच्या थोडी वर, गोळ्या जिथून येत आहेत त्या पट्ट्यात असावी. आपला हिटबॉक्स म्हणजे शिफ्ट दाबल्यावर मधोमध दिसणारा बारीक ठिपका आहे. बाकीच्या चित्रावरून गोळी गेली तरी काही होत नाही, याची मनाला सवय लावावी लागते.

शेवटच्या कार्डाविषयी थोडे सांगतो. तिथे युयुकोला गोळी लागत नसल्यामुळे तिच्या समोर राहण्याचे कारणच उरत नाही, तरीही सवयीने आपण तिच्या खाली धावत राहतो. ते सोडून द्यावे. त्या कार्डाच्या नावात मरणाच्या झाडाचा बहर मोजलेला असतो: नॉर्मलवर तीन दशांश, लुनॅटिक या सर्वांत अवघड पातळीवर आठ दशांश. तीन दशांशाला पुष्कळ मोकळी जागा असते, हे मी आपल्याला खात्रीने सांगतो. मालिकेतील पुढच्या, २००४ सालच्या ‘इम्पेरिशेबल नाइट’ या खेळात एकेका कार्डाच्या सरावाची वेगळी सोय आली. आपल्या खेळात ती नाही, त्यामुळे प्रॅक्टिसमध्ये सहावा टप्पा सुरुवातीपासूनच खेळावा लागेल.

हार्डवेअरवाला, ग्रँट रोड

मी थोडक्यात लिहितो. आपला कीबोर्ड तपासावा. या खेळात गोळीबारासाठी झेड आणि संथ चालीसाठी शिफ्ट सतत दाबून ठेवावी लागते, आणि तिरके जायचे झाल्यास त्यावर बाणांच्या दोन कळा येतात. म्हणजे एकाच वेळी चार कळा. अनेक साध्या कीबोर्डांत आतल्या तारा सामाईक असल्यामुळे कळांच्या काही ठरावीक जोड्या एकत्र दाबल्या की त्यांतली एक कळ संगणकाला कळतच नाही. चारही दिशांच्या तिरक्या चाली शिफ्ट व झेड दाबून एकेक करून पाहाव्यात. दोष आढळल्यास दुसरा कीबोर्ड किंवा साधा गेमपॅड घ्यावा. लॅमिंग्टन रोडवर दुकानात जोडून, कळा दाबून पाहिल्याशिवाय कीबोर्ड घेऊ नये, कारण खोक्यावर ही गोष्ट नेहमी लिहिलेली नसते.

मुलुंडचा रात्रीचा खेळाडू

आपणा तिघांचे मनापासून आभार. सर्वप्रथम कीबोर्ड तपासला. शिफ्ट आणि झेड दाबलेले असताना वर आणि डावीकडे एकत्र जाता येत नाही, फक्त वर जाता येते! गेले कित्येक महिने डाव्या बाजूची फट हुकली की मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो. सध्या भाच्याचा गेमपॅड मागून आणला आहे.

कागदावरच्या खुणा केल्या, तेव्हा वीस डावांतल्या अकरा लाइफ एकाच मधल्या कार्डावर गेल्याचे दिसले. रीप्ले पाहिल्यावर तिथे मी प्रत्येक वेळी उजव्या भिंतीला टेकत असल्याचेही दिसले. आता त्या कार्डावर सुरुवातीलाच बॉम्ब टाकतो आणि त्यानंतर पडद्याच्या मध्यापासून संथपणे सरकत जातो. काल रात्री शेवटच्या कार्डापर्यंत एक लाइफ आणि तीन बॉम्ब घेऊन पोहोचलो, पण तिथे तिन्ही बॉम्ब पहिल्या अर्ध्या वेळातच खर्च झाले. ते कसे वाटून घ्यावेत?

शून्य कंटिन्यू

गोळ्यांचे थर कार्डाच्या उत्तरार्धात दाट होत जातात, त्यामुळे पूर्वार्ध बॉम्बविना काढण्याचा प्रयत्न करावा आणि घड्याळाचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत त्या बटणावरचे बोट उचलूनच ठेवावे. पूर्वार्धातच लाइफ गेली, तर त्याला सरावाचा डाव समजावे.

मुलुंडचा रात्रीचा खेळाडू

रविवारी दुपारी, घरातली सर्व मंडळी लग्नाला गेलेली असताना, खेळ पूर्ण झाला. पूर्वार्ध बॉम्बविना निघाला, उत्तरार्धात दोन बॉम्ब गेले आणि घड्याळ शून्यावर आले तेव्हा एक शिल्लक होता. रीप्ले दोन ठिकाणी साठवून ठेवला आहे. आता चार बॉम्ब मिळणाऱ्या साकुया या पात्राला घेऊन हार्ड पातळीचा पहिला टप्पा सुरू केला असून, नवा कागदही भिंतीवर लावला आहे.